बोहनीची जागा

प्रिय वहिनी,

आज बाजार होता. बाजारातून आलो, पिशवी खुंटीला अडकवली, पाय धुतले आणि थेट कागद घेऊन बसलो. तुझी सून म्हणते, "काकाजी, आधी च्या तं घ्या!" म्हटलं, ठेव झाकून, आधी वहिनीला सांगू दे. ती माझ्याकडे बघतच राहिली. तुला जाऊन वर्ष होत आलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं वाटलं असेल तिला. वाटू दे!

आठवतं का तुला? बिड्या वळून झाल्या की मी बंडलावरचे कागद आणि पुड्यांची रद्दी समोर ठेवून अक्षरं गिरवत बसायचो. तू चुलीपाशी बसून हसायचीस. "भाऊजी, या वयात लिहाले शिकून कोणाले चिठ्ठी धाडता?" मी म्हणायचो, "तुलेच." मग तू म्हणायचीस, "मले? मी कुठं जाऊन राह्यली?"

गेलीस की नाही? आता वाच.

गोष्ट तुझ्या जागेची आहे. भाजीच्या ओळीतली, चिंचेच्या त्या वर आलेल्या मुळाला टेकून तू टोपली मांडायचीस, ती जागा. ती जाणार होती. पार पुसली जाणार होती. ती राहिली! हेच सांगायला बसलो आहे, आणि सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. तुला ठाऊक असलेलंही सांगणार. मधे बोलू नकोस.

तू म्हणशील, कसली जागा? टोपली ठेवली ती जागा! हात-दोन हात मातीच ती. पण वहिनी, त्या मातीवर बसायला तुला काय काय लागलं, ते मी पाहिलं आहे.

आपण नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, त्यानंतरचा तो हिवाळा. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावाची झाडलोट करायची नाही, असं वस्तीनं ठरवलं आणि गावानं तोंड फिरवलं. दादा बालाघाटला मँगनीजच्या खाणीवर, घरी येणार कधीमधी. माझ्या बिड्यांवर घर किती चालणार? तू घरामागच्या बाडीत वांगी लावलीस. काय वांगी ती! काळी, चकचकीत, हातात धरली तर निसटतील अशी.

वांगी लावली ते ठीक. पण ती विकायची कुठं? आपल्या लोकांनी बाजारात बसायचं ते नाल्यापलीकडे, झाडू आणि चटया घेऊन. आपल्या हातचा झाडू चालायचा, पण आपल्या हातची खायची वस्तू कोणी घ्यायची नाही, असा गावाचा रिवाज. तू मात्र डोक्यावर टोपली घेतलीस, नाला ओलांडलास आणि सरळ भाजीच्या ओळीत, पारबताबाईच्या उजव्या हाताला, चिंचेच्या मुळाशी जाऊन बसलीस.

पारबताबाई म्हणजे त्या ओळीची पाटलीणच! तिचा आवाज किरनापुरापर्यंत जायचा. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहून वो भागरता, डोळे फुटले काय? उठ इथून. इथं बसाचं नाही तुमी."

तू वर पाहिलंसही नाहीस. वांगी एकावर एक रचत होतीस. म्हणालीस, "बसली ना मी. आता उठाले टाइम लागन."

बायांनी आपापल्या टोपल्या उचलल्या आणि सरकल्या. तुझ्याभोवती मोकळं रिंगण झालं. लोक लांबून बघत आणि जात. संध्याकाळी टोपली जशी गेली तशी घरी आली. पुढच्या बाजारीही तेच. त्याच्या पुढच्या बाजारीही. एकदा एका बैलवाल्यानं येता-येता टोपलीला पाय मारला. वांगी धुळीत घरंगळली. तू एकेक उचललंस, पदरानं पुसलंस, पुन्हा रचलंस. फुटलेली बाजूला काढलीस. मी त्या बैलवाल्यामागं धावायला निघालो आणि तू मला म्हणतेस, "भाऊजी, फुटलेल्याचं भरीत लवकर होते."

त्या हिवाळ्यात आपण सकाळी वांगं, संध्याकाळी वांगं. "वहिनी, आज भाजी काय?" असं विचारलं की तू म्हणायचीस, "बाजारानं वापस केली ते!" तेव्हापासून मला वांगं नको झालं. तुला माहीत होतं, तरी ताटात वाढायचीस. हा काय न्याय झाला?

आणि मग तुझ्या डोक्यात ती गोष्ट आली. कुठून आली, वहिनी? मी किती वेळा विचारलं, तू कधी धड सांगितलं नाहीस.

एका बाजारी दव पडलेलं असतानाच मला उठवलंस. "चला भाऊजी, बोहनी कराले." मी म्हटलं, "आपली बोहनी? आपल्याकडून घेते कोण?" तू म्हणालीस, "आपली नाही. त्यायची."

बाजारात बोहनीचा केवढा मान, ते काय मी तुला सांगावं! दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. ते परत पाठवलं की दिवस वाया गेला, असं झाडून सगळे मानतात. पहिला पैसा हातात आला की तो टोपलीला लावायचा, कपाळाला लावायचा, मगच कनवटीला. पारबताबाई नुकती गाठोडं सोडत होती. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. आजूबाजूला अजून कोणी नाही. तू समोर जाऊन उभी राहिलीस.

"बोहनी करा बाई. एक जुडी मेथी द्या."

मला तिचं तोंड अजून दिसतं. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दुसरं गिऱ्हाईक येतं का ते पाहिलं. "तुले आजच मेथी खाऊ वाटली? अन् मीच दिसली?"

"हौ. तुमचीच मेथी ताजी दिसते."

नाही म्हणावं तर बोहनी मोडते. हो म्हणावं तर... तिनं जुडी उचलली आणि तुझ्या टोपलीत वरूनच टाकली. म्हणाली, "पैसा ठेव तिथं खाली."

तू पैसा बोटांत धरून तशीच उभी. "बोहनीचा पैसा धुळीत? तुमी तं कपाळाले लावता ना? मंग कपाळाले माती लागन."

अगं, काय हिंमत तुझी! पारबताबाईनं तुझ्याकडे असं पाहिलं की मेथी जळून जावी. मग तिनं हात पुढं केला. तळहात उताणा. तू पैसा ठेवलास. आणि सवयीनं, वहिनी, निव्वळ सवयीनं तिचा हात कपाळाकडे गेला. अर्ध्यात तिच्या लक्षात आलं. पण आता काय करते? लावला!

त्या दिवशी तिचा माल दुपारीच संपला. लग्नसराई होती, संपणारच होता. पण तिला कोण सांगणार? पुढच्या बाजारी तू तिच्या शेजारणीकडे गेलीस, पुढच्या बाजारी आणखी एकीकडे. पहाटेचं गिऱ्हाईक परत पाठवण्याची छाती कोणाचीच झाली नाही. आणि मग एका सकाळी तू दुसरीकडं वळताना पारबताबाईच ओरडली, "काहून वो, आज इकडं नाही? कालपासून वाट पाहून राह्यली मी!" तुझा हात यशाचा, असं तिनंच ओळभर सांगून ठेवलं होतं.

तू थांबलीस. टोपलीतलं एक वांगं उचलून तिच्यासमोर धरलंस. "माह्या हातचा पैसा चालते. माह्या हातचं वांगं काहून नाही चालत?"

बाजार तेव्हा भरत आला होता. सगळ्या ओळीनं ऐकलं. पारबताबाईनं वांग्याकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं. मग पदराची गाठ सोडत म्हणाली, "दे अर्धा शेर. किडकं निघालं तं तुह्या डोक्यावर फोडीन."

ती तुझी बोहनी!

सगळं गाव त्या दिवशी शहाणं झालं असं नाही. काही घरांनी शेवटपर्यंत तुझ्याकडून भाजी घेतली नाही, आणि किराणावाला आपल्याला पुडी वरूनच टाकायचा. पण रिंगण बुजलं. तुझ्यामागून वस्तीतल्या बाया अंडी घेऊन आल्या, दूध घेऊन आल्या. नाल्यापलीकडची ओळ हळूहळू अलीकडं आली. आज कोणी विचारलं, नाल्यापलीकडे काय होतं, तर पोरं म्हणतात, काही नाही, गवत होतं.

आणि म्हणूनच ती जागा हवी, वहिनी. नाहीतर गवतच होतं असं म्हणतील.

तुझा साधा फोटो नाही आमच्याकडे. हा राग माझा अजून गेलेला नाही! वारासिवनीला फोटोवाल्याच्या दुकानापर्यंत तुला ओढत नेलं, तर म्हणालीस, "माह्या तोंडाचा काय फोटो? वांग्याचा काढा, ते तरी चकचकीत दिसन." फोटोवालाही हसला आणि आपण तसेच बसनं परत आलो. आता तुझं म्हणून काय दाखवावं? ती हात-दोन हात मातीच ना?

आता ऐक काय झालं. पंचायतीला बाजारात पक्के ओटे बांधायची मंजुरी आली. चांगलंच आहे, बाया चिखलात बसणार नाहीत. चुन्याच्या रेघा मारल्या. मी बघायला गेलो तर चिंचेखाली सायकल स्टँड! तुझ्या मुळावरून रेघ गेलेली.

गेलो सचिवाकडे. तरुण आहे, जबलपूरकडचा, बोलायला बरा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकाजी, बचाते तो किले को हैं. यहाँ कौन-सा किला है?" मी म्हटलं, "किला राजा बनाता है साहब, उसे सरकार बचाती है. ये जगह एक बाई ने बनाई है, इसको हम बचाएंगे." घरी येईपर्यंत मी स्वतःवरच खूश होतो. चुन्याची रेघ मात्र तसूभर हलली नव्हती.

तुझ्या विजयला सांगितलं. तो आता लांजीला शाळेवर आहे, सायकलनं येणं-जाणं करतो. त्याला ही गोष्ट अशी लागली की विचारू नकोस. वस्तीतली पोरं गोळा केली. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तुझ्या जागेभोवती बांबू रोवले, आडव्या पट्ट्या ठोकल्या, वरून निळा रंग दिला. मधे झेंडूची फुलं. हिंदीत पाटी लिहिली, ऐतिहासिक स्थल. मी चिंचेखाली उभा राहून पाहिलं आणि छाती फुगली माझी. वाटलं, झालं काम! आता कोण लावते इथं सायकल?

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. लांजीकडच्या जंगलातून एक पोरगी आली, शेवंता नावाची. काखेत लेकरू, डोक्यावर टेंभरांची, तेंदूच्या फळांची, टोपली. उशीर झालेला, कुठं जागा नाही. इकडंतिकडं फिरली, कोणी बसू देईना. चिंचेखाली तेवढीच मोकळी जागा दिसली. बिचारी पट्टीखालून वाकून आत गेली आणि फुलं बाजूला करून टोपली ठेवली.

आपलाच एक पोरगा धावला. "ए बाई, उठ इथून! इथं बसाचं नाही!"

पोरगी घाबरून उठली. लेकरू रडायला लागलं. आणि शेजारून हसण्याचा आवाज आला. पारबताबाई! आता दात नाहीत, डोळ्याला नीट दिसत नाही, नातवाच्या आधारानं येऊन बसते. पण आवाज तोच.

"काहून रे पोट्टेहो," ती म्हणाली, "मीबी असंच म्हणलं होतं भागरताले. शब्दबी हेच. मंग तुमी अन् मी एकच झालो का नाही?"

वहिनी, सगळ्या ओळीनं ऐकलं. विजय तिथंच उभा होता. त्याचं तोंड पाहवेना. मीही रंगाकडे बघून छाती फुगवली होती, माझीही मान खाली गेली. विजय पुढं झाला आणि एकेक बांबू स्वतःच्या हातानं उपटला. निळा रंग अजून ओला होता, सगळा हाताला लागला. शेवंताला म्हणाला, "बसा बाई." पण ती कसली बसते! ती टोपली घेऊन कधीच निघून गेली होती.

घरी आल्यावर विजय म्हणाला, "काका, कुंपण घातलं तं जागा गेली. नाही घातलं तं सायकल स्टँड येते. आता करायचं काय?"

मी म्हटलं, "तुझी आई काय करत होती? बसत होती. आपणही बसू."

आणि पंचायतीच्या बैठकीला आम्ही सगळे जाऊन बसलो. वस्तीतल्या बाया आल्या, भाजीच्या ओळीतल्या बाया आल्या. पारबताबाईला नातवानं हात धरून आणलं. मी उभा राहिलो. म्हटलं, ओटे बांधा, जितके बांधायचे तितके बांधा. पण चिंचेखालची ती माती तशीच राहू द्या. तिचा लिलाव नको, तिथं बसायची बैठकी-पट्टी नको, ती कोणाच्या नावावर नको. ज्या बाईला बाजारात कुठं जागा मिळाली नाही, तिनं तिथं बसावं. सायकल स्टँड कोंडवाड्याजवळ न्या, तिथं सावलीही आहे.

एक जण म्हणाला, "पक्के ओटे असताना मातीत बसाले कोण येते?"

पारबताबाई म्हणाली, "ज्याले ओटा नाही भेटत ते."

सचिवानं डोकं खाजवलं. "लेकिन माताजी, नक्शे में क्या लिखूँ? ये जगह किस काम की है?"

"लिव ना बाप्पा," ती म्हणाली, "बसाची."

सगळे हसले. सरपंचही हसला. आणि सचिवानं खरंच नकाशावर लिहिलं, बैठने की जगह. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

राहिली पाटी. विजयनं कागदभर मजकूर लिहून आणला, मोठमोठे शब्द. मी म्हटलं, बाबा, बाजारात लोक भाजी घ्यायला येतात, एवढं वाचेपर्यंत पालक सुकून जाईल. कोणी म्हणालं, जागा राहिली ना, मग नावाचा आग्रह कशाला? तिथं मात्र मी अडून बसलो. नाव पाहिजेच! नाव नसलं तर पुढची पोरं म्हणतील, पंचायतीनं दया केली आणि जागा सोडली. दयेची नाही ती. शेवटी पाथरवटाकडून एका लहानशा फरशीवर एवढंच कोरून घेतलं, वर मराठीत, खाली हिंदीत:

ही जागा भागरताबाईनं बसून मिळवली. तुम्हीही बसा.

आज सकाळी ती फरशी चिंचेच्या मुळाला टेकून बसवली. कुंपण नाही, फुलं नाहीत. बाजार भरायच्या आत मी जाऊन उभा राहिलो. शेवंता आली. लांबच थांबली, मागची आठवण असणार. विजय शाळेला सुट्टी टाकून आला होता. तो पुढं झाला, तिच्या डोक्यावरची टोपली उतरवायला हात दिला. ती भीत-भीत बसली. फरशीवरून हात फिरवला. "इथं काय लिवलं, भाऊ?"

विजयनं वाचून दाखवलं.

"कोण होती भागरताबाई?"

मी सांगायला तोंड उघडलं. नागपूर, बाडी, वांगी, सगळं ओठावर होतं. पण पारबताबाईनं आधीच उत्तर दिलं. मेथीवर पाणी शिंपडता-शिंपडता, इकडं न बघता.

"माही शेजारीण," ती म्हणाली.

वहिनी, यापुढं मी आणखी काय सांगणार होतो?

मग मी शेवंतापुढं बसलो आणि म्हटलं, "बोहनी कर बाई." तिनं टेंभरं ओंजळीत दिली. मी पैसा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो टोपलीला लावला, कपाळाला लावला. पिशवी भरून टेंभरं घेऊन आलो आहे. तुझी सून विचारते, एवढ्या टेंभरांचं करायचं काय?

आता माझा शब्द घे. पाय चालतात तोवर प्रत्येक बाजारी मी उजाडता जाईन. तुझ्या जागेवर जी कोणी बसेल, तिची बोहनी माझ्या हातची. तिच्याजवळ काय आहे ते पाहणार नाही. जे असेल ते घेईन. पाय थांबले की विजय जाईल, त्यानंही हो म्हटलं आहे. आणि कोणत्या बाजारी ती वांगीच घेऊन बसली असली, तर वांगी घेईन. घरी आणीन. खाईन. भरीत करायला सांगेन तुझ्या सुनेला, आणि तक्रार करणार नाही.

तू मात्र वरून हसू नकोस.

च्या गार झाला. घेतो आता.

तुझा,
भाऊजी सुदाम